गायकवाडांचे हब

मार्च अर्धा सरला की आमच्या गॅलरीचं ग्रिल हाताला खरखरीत लागायला लागतं. मी त्यावरून बोट फिरवतो आणि जिभेला लावतो. खारट. बायको, म्हणजे सुनंदा, आतून ओरडते, "अहो, टॉवरच्या सिमेंटची धूळ आहे ती! पोटात जाईल!" असेल. समोर मजल्यावर मजले चढतायत, आणि सिमेंट खारट नसतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण शुद्ध सिमेंट मी कधी चाखलेलं नाही. पण माझ्या लेखी ते मीठच. आणि मिठाचा सीझन आला की त्याच्या मागोमाग छातीत एक जुनी जळजळ येते. डॉक्टर तिला अ‍ॅसिडिटी म्हणतात. तिचं खरं नाव गायकवाड.

नव्वदच्या आसपास आमची बिल्डिंग भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अंगाला, अगदी शेवटची होती. तिच्यापुढे जग संपायचं आणि मिठागरं सुरू व्हायची. गॅलरीतून बघावं तर चौकोनच चौकोन, आरसे जमिनीवर आडवे टाकल्यासारखे. सकाळी त्यात आकाश असायचं, दुपारी नुसती चमक. डोळे बारीक केल्याशिवाय वाळत टाकलेले कपडे काढता यायचे नाहीत, आणि काढले तर पायजमा आपल्या पायावर उभा राहील इतका कडक झालेला. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढल्याचा आवाज यायचा, खर्रर्र, थांबून पुन्हा खर्रर्र. बांधावर पांढरे ढीग वाढत जायचे. लालबागच्या चाळीतून आलेल्या आम्हाला त्या पसाऱ्याची सुरुवातीला भीतीच वाटायची. एवढी मोकळी जागा आम्ही फक्त कॅलेंडरवर पाहिली होती.

मत्सर हा शब्द फार भारदस्त आहे. राजेरजवाड्यांनी करायची गोष्ट. असूया त्याहून सोवळी. माझं जे होतं ते साधं जळणं होतं, स्टोव्हची वात वर-खाली झाली की भांड्याच्या बुडाला धरते तशी काजळी. रोज घासायची, रोज धरायची.

सगळ्याच्या मुळाशी एक जीप होती. ती घेण्याची कल्पना माझी होती, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण बिल्डिंगमध्ये ते कुणालाच आठवत नाही. मी फोर्टातल्या एका कचेरीत टपालाच्या आवक-जावक टेबलावर होतो. अशा माणसाला मिलिटरीने मोडीत काढलेली जीप कशाला हवी, या प्रश्नाचं उत्तर मी त्यावेळी सुनंदाला दिलं नाही. आता देतो. मला आप्पांकडून एक शाबास हवी होती.

आप्पा माझे वडील. गिरणीत फिटर. गिरणी बंद पडली आणि तीसेक वर्षं लोखंड हाताळलेले ते हात आमच्या भाईंदरच्या वन रूम किचनमध्ये मांडीवर पडून राहायला लागले. ते घरातले सगळे नळ दुरुस्त करून बसले होते. मग न बिघडलेलेही दुरुस्त करायला लागले. म्हटलं, यांना एक कायमची बिघडलेली वस्तू आणून द्यावी.

आप्पांच्या शब्दकोशात माझ्यासाठी एकच शब्द होता, अर्धवट. तो त्यांनी मला तबल्याचा क्लास सोडला तेव्हा दिला, भिंतीतलं कपाट रंगवताना खालचे दोन कप्पे राहिले तेव्हा दिला, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी घाईत मिशी एका बाजूला जास्त कापली गेली तेव्हा नुसतं माझ्याकडे बघून दिला. आवाज न चढवता म्हणायचे. कुणी वजनकाट्यावरचा आकडा वाचून दाखवतो तसे.

जीप आली. आप्पांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि चाकाच्या मधोमध असलेल्या लोखंडी टोपीवर पान्याने टकटक केलं. "हब फिक्स आहेत," म्हणाले.

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे पुढची चाकं आणि आतला दांडा कायमचे एकमेकांना बांधलेले. तुला चारी चाकांची ताकद नको असेल तरी चाकाबरोबर दांडा फिरणार, दांड्याबरोबर गिअरांचा गोळा फिरणार. फुकटची वरात. स्टिअरिंग जड, पेट्रोल जास्त, घरघर वेगळी." मग उठून हात पुसत म्हणाले, "लॉकवाले हब मिळतात. डायल फिरवली की दांडा सुटतो, परत फिरवली की धरतो. चिखल आला की खाली उतरून लॉक करायचं, रस्ता आला की फ्री. ते बघून घ्यायचं होतंस."

मला वाटलं होतं ते जीपच्या बॉनेटवर हात फिरवतील. माझ्या खांद्यावर फिरवला तरी चाललं असतं.

तीन महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या गायकवाडांनी जीप घेतली. माझी बघून. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत, म्हणजे तिथेही जळायला जागा ठेवत नसत. गायकवाड मूळचे जालन्याकडचे, सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. दारातून आत गेलं की समोर बुद्धाची तसबीर आणि खाली काचेच्या कपाटात पुस्तकं, उंचीप्रमाणे लावलेली. उंचीप्रमाणे! माझ्या घरी पुस्तकं डगमगणाऱ्या कॉटच्या पायाखाली असायची. वयाने माझ्याएवढेच, पण मला दादा म्हणायचे. ज्याच्यावर जळायचं त्याने निदान उद्धट असावं अशी माझी माफक अपेक्षा होती. तीही पुरी झाली नाही.

त्यांचा मेव्हणा मस्कतला होता. तो सुट्टीवर येताना ब्लँकेटात गुंडाळून लॉकवाल्या हबची जोडी घेऊन आला. मुंबईतल्या प्रत्येक माणसाचा कुणीतरी मेव्हणा मस्कतला असायचा, माझा तेवढा डोंबिवलीला होता.

त्या रविवारची सकाळ मला अजून वासासकट आठवते. रॉकेल, ग्रीस, आणि मिठागरावरून येणारा तो कोरडा खारा वारा. बिल्डिंगच्या मागे जॅकवर जीपचं नाक उचललेलं. आप्पा गोणपाट टाकून तिच्यापुढे बसले होते, पूजेला बसावं तसे. शेजारी गायकवाड. मी बोल्ट ठेवायची थाळी धरून उभा.

सहा बोल्ट सुटले. जुनी टोपी निघाली आणि आतून दांड्याचं दातेरी टोक बाहेर आलं, काळ्या ग्रीसने माखलेलं. आप्पांनी ग्रीस दोन बोटांत चोळून बघितलं. "खडा नाही. बेरिंग चांगलं आहे." मग नव्या हबच्या तोंडावर ब्राउन पेपर धरला आणि कडेकडेने हातोडीने टकटक करत त्याचं पॅकिंग कापलं. कात्री नाही, पेन्सिल नाही. कागद आपोआप हबच्या आकाराचा होऊन हातात आला. गायकवाडांनी दुसऱ्या बाजूचं पॅकिंग तसंच्या तसं, त्याच हातोडीने, पहिल्या फटक्यात कापलं.

"शाबास," आप्पा म्हणाले. "हाताला वळण आहे तुमच्या."

मी चाळीशीला आलेला माणूस. तरी त्या एका शब्दावर जळलो. त्याच क्षणी माझ्या हातातली थाळी कलंडली. बोल्ट उडाले. पाच सापडले, सहावा गटाराच्या जाळीतून खाली गेला. आप्पांनी मान वर न करता तो शब्द उच्चारला.

हब बसला. आप्पांनी डायल फिरवली. टक्! काय आवाज होता तो! चांगल्या पेटीचं झाकण बसावं तसा भरीव. फ्री केल्यावर चाक फिरवलं तर नुसतं चाक फिरायचं, आत शांतता. लॉक केल्यावर फिरवलं की आतला दांडा जागा होऊन बरोबर फिरायचा. तळमजल्यावरचे शहाभाई लुंगीवर बघायला आले होते. "अंकल, ये तो घड़ी जैसा बोलता है," म्हणाले. मग प्रत्येकाने एकदा टक् करून बघितलं. सुनंदाही खाली आली. तिनेही केलं, दोनदा.

आप्पांनी सगळ्यांना एकच नियम बजावला. "लॉक करायचं तर दोन्ही बाजूंचं. एक केलं आणि एक मोकळं राहिलं तर सगळा जोर मोकळ्या बाजूने गळून जातो. त्यापेक्षा न केलेलं बरं." शेवटचं वाक्य बोलताना ते माझ्याकडे का बघत होते, कुणास ठाऊक.

त्यानंतर दर रविवारी गायकवाड आप्पांना घेऊन मिठागराच्या बांधांवर जीप फिरवायला लागले. पक्की जमीन संपली की थांबायचं, आप्पांनी उतरून दोन्ही डायल लॉक करायच्या, परत येताना फ्री. मी गॅलरीतून बघायचो. एवढ्या लांबून टक् ऐकू येणं शक्य नाही, पण मला यायचा.

मग मीही इरेला पेटलो. कुर्ल्याच्या भंगारबाजारात तीन शनिवार घालवले आणि हबची जोडी मिळवली. जोडी म्हणजे दोन नग. ते दोन वेगवेगळ्या गाड्यांचे होते हे घरी आल्यावर आप्पांनी सांगितलं. डाव्याची डायल उजवीकडे फिरवली की लॉक, उजव्याची डावीकडे. अक्षरं पुसलेली. "नवराबायकोसारखे आहेत," आप्पा म्हणाले.

मी हट्टाने एकटाच बसवायला बसलो. डावा बसेपर्यंत सूर्य मावळला. उजवा पुढच्या रविवारी म्हणून ठेवला. पुढच्या रविवारी कचेरीतल्या कुणाचं तरी लग्न निघालं. महिनाभर माझी जीप एका बाजूला नवा हब आणि एका बाजूला जुनी टोपी घेऊन भाईंदरभर हिंडली. "एक दांडा कामावर, एक संपावर," आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. गिरणीतल्या माणसाने केलेला विनोद. त्याला हसायचं की नाही ते कळायचं नाही. शेवटी एका संध्याकाळी कचेरीतून आलो तर उजवा हब बसवलेला होता. गायकवाडांनी बसवला होता. "सहज बसलो होतो दादा, म्हणलं करून टाकावं," म्हणाले. मी आभार मानले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता तो दिवस. धुळवड होऊन गेली होती आणि रंगपंचमी यायची होती. पुनवेच्या उधाणाने मिठागराचा खाडीकडचा बांध फुटला. सकाळी खारीचे म्हात्रेमामा धापा टाकत आमच्या जिन्यात आले. त्या टोकाच्या मिठागरावर ते नि त्यांची बायको चार महिने राबत होते.

"आप्पा, खांड परली! दुपारचे भरतीला पानी आत येल, सगला मीठ जाल! पान्याचा इंजान न्यावाचा हाय. टरक जात न्हाय तिकरं, रुततं. गारी द्या."

बांधाला पडलेलं भगदाड गोण्यांनी बुजवायचं, आत साचलेलं पाणी इंजिनाने उपसायचं, आणि हे सगळं भरतीच्या आत. आप्पांनी चपला घातल्या. "गायकवाडांची गाडी इंजिनाला घेऊ," म्हणाले, आणि दारातून वळून, "दिनूची पण येऊ दे. रिकाम्या गोण्या टाकायला."

दिनू म्हणजे मी. रिकाम्या गोण्या!

खाली आलो. दोन जीपा शेजारी शेजारी उभ्या होत्या. आप्पा क्षणभरही न थांबता गायकवाडांच्या पुढच्या सीटवर बसले, आपल्या खुर्चीत बसावं तसे. मी माझ्या शेजारची सीट फडक्याने पुसून ठेवली होती. तिच्यावर गोण्या टाकल्या.

म्हात्रेमामांच्या झोपडीपाशी पक्की जमीन संपत होती. पुढे दोनशे पावलं नुसता काळा चिखल, आणि पलीकडे त्यांचे मिठाचे ढीग, उन्हात डोळ्यांत जाणारे. नेहमीची थांबायची जागा. आप्पा उतरले आणि गायकवाडांच्या पुढच्या चाकाशी वाकले. मी मनात म्हटलं, झालं, लॉक केलं. त्यांची ती ठरलेली वाकण्याची पद्धतसुद्धा माझ्या डोळ्यांत सलली. मामांच्या म्हातारीने कोरा चहा हातात दिला. आप्पा, गायकवाड आणि मामा तिघेही चिखलाकडे तोंड करून, कुठून जायचं ते ठरवत उभे राहिले. तीन पाठी. मधली माझ्या वडिलांची. तिचा कल गायकवाडांच्या बाजूला.

मी ठरवून काही केलं नाही, असं सांगायचा मोह होतो. ठरवूनच केलं. चहाचा कप डाव्या हातात घेतला, चपलेचा अंगठा सुटल्यासारखा गायकवाडांच्या चाकाशी उकिडवा बसलो, नजर त्या तीन पाठींवर ठेवली आणि उजव्या हाताने डायल, वळेल त्या बाजूला, फिरवली. टक्. कुणी वळलं नाही. पुढून फिरून दुसऱ्या बाजूला गेलो. टक्. एकच फिरवला असता तरी भागलं असतं, सगळा जोर तिकडून गळला असता. पण गायकवाडांच्या बाबतीत मला कसलाही धोका पत्करायचा नव्हता. आता चिखलात रुतू दे तुमची मस्कतची घड्याळं, असं म्हणून मी उरलेला चहा प्यायलो. मिठाचा ढीग समोर होता, तो कुणाचा आहे हेही मला माहीत होतं. मला तो त्यावेळी दिसत नव्हता. मला फक्त एक सीट दिसत होती.

गायकवाडांनी फोर-व्हीलचा लिव्हर ओढला आणि जीप चिखलात घातली. मी वाट बघत उभा. मागची चाकं घसरली, गाडी तिरकी झाली. आणि पुढच्या चाकांनी चिखल धरला. खेकडा दगड धरतो तसा. हळूहळू, इंजिनाचं ओझं घेऊन, आप्पांना घेऊन, ती जीप सरळ पलीकडे गेली.

मला काही कळेना. इतका कळेना की त्याच भरात मी माझी जीप सुरू केली, लिव्हर ओढला आणि मागोमाग गेलो. पन्नास पावलांवर बसलो. पेट्रोल दिलं तसा आणखी बसलो. मागची चाकं माझ्याच पाठीवर चिखल उडवत होती आणि पुढची गप्प उभी होती. दुसऱ्याचे हब बिघडवण्याच्या नादात मी स्वतःचे लॉक करायला विसरलो होतो.

म्हात्रेमामा काठावरून ओरडले, "दिनूभाव, पुरची चाका झोपली काय रं?"

शेवटी गायकवाडांनी जीप मागे घेतली, साखळी बांधली आणि मला गोण्यांसकट ओढून पलीकडे नेलं. इंजिन सुरू झालं. ढुक ढुक ढुक. खारीतली माणसं आली, गोण्या चिखलाने भरून भगदाडात रचल्या. मी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गोण्या दिल्या. खूप दिल्या, कुणी थांब म्हणेपर्यंत दिल्या. एकच्या सुमाराला भरती आली, गोण्यांना येऊन टेकली, वरून थोडी सांडली, आणि थांबली. म्हात्रेमामांची बायको ढिगाशेजारी बसून होती. तिने ओंजळभर मीठ उचललं आणि परत ढिगावर टाकलं. तेव्हा कुठे मला तो ढीग दिसला. मघाशी मी फिरवली ती डायल तिच्या ढिगाला जोडलेली होती.

परत पक्क्या जमिनीवर आलो. गायकवाड हब फ्री करायला उतरले आणि म्हणाले, "आप्पा, बरं झालं तुम्ही लॉक केलं. मी इंजानाच्या नादात साफ विसरलो होतो."

आप्पा म्हणाले, "मी कुठे केलं? सकाळी डायलवर खूण म्हणून लाल रंगाचा ठिपका दिलाय, तो वाळला का बघायला वाकलो होतो. ओला होता म्हणून हात लावला नाही. मला वाटलं तुम्ही केलंत."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघंही चाकाकडे. लाल ठिपका पुसला जाऊन त्याचा ओघळ झाला होता, बोटाने ओढल्यासारखा. दुसऱ्या चाकावरही तसाच. आणि मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. चिखल वाळून पडला होता, ऑइलपेंट तसाच होता. उजव्या अंगठ्यावर लाल, पहिल्या बोटावर लाल. रंगेहाथ म्हणतात ते माझ्या बाबतीत अक्षरशः खरं झालं.

म्हणजे आप्पांनी लॉक केलं असं समजून मी जे फ्री करायला गेलो, ते मुळात फ्रीच होतं. मी ते लॉक केलं होतं.

"दादा!" गायकवाडांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. "तुम्ही? आमची केली आणि सोताची राहू दिली?"

आप्पा जवळ आले. त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठा उलटा करून बघितला, ग्रीसमध्ये खडा बघावा तसा. बराच वेळ बघितला.

"शाबास," म्हणाले.

ही ती शाबास. चाळीस वर्षं जिची वाट बघितली ती. रिकाम्या गोण्या, पाठीवर चिखल, आणि हातात चोरी असताना मिळाली. मी ती घेतली.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगला कळलं. शहाभाईंनी मला मिठी मारली. सुनंदाने त्या रात्री विचारलं, "खरंच स्वतःची विसरलात?" आणि माझ्या मौनाचा तिने विनय असा अर्थ लावला. म्हात्रेमामा त्या वर्षीपासून दर सीझनला एक पिशवी खडे मीठ आमच्याकडे टाकून जायचे. गायकवाडांकडे नाही, आमच्याकडे. ते मीठ आम्ही वर्षभर खायचो. माझ्या घशाखाली प्रत्येक घास त्या चिखलाच्या वाटेने उतरायचा. आणि गंमत बघा, एवढं होऊन जळणं थांबलं नाहीच. फक्त माणूस बदलला. गायकवाडांच्या तोंडी जो दिनूदादा होता, स्वतःची गाडी रुतवून दुसऱ्याची काढणारा, त्याच्यावर मी जळायला लागलो. आप्पा चहा पिताना त्याच्याकडे बघत, माझ्याकडे नाही.

पुढे गायकवाडांची बदली औरंगाबादला झाली. जीप विकताना त्यांनी मस्कतचे हब काढून घेतले, जुन्या टोप्या परत बसवल्या, आणि हब ब्लँकेटात गुंडाळून माझ्या हातात दिले. "हे तुमचेच आहेत दादा." माणसाला चांगुलपणाने किती छळावं याला काही मर्यादा?

आणखी काही वर्षांनी, अशाच मार्चमध्ये, आप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. गुडघे गेले होते, नजर शाबूत होती. समोर अर्धी मिठागरं भरावाखाली गेली होती. त्यांनी माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं.

"दिन्या, त्या दिवशी तू चहा डाव्या हातात धरला होतास."

मी कप खाली ठेवला.

"तू जन्मात डाव्या हाताने चहा पीत नाहीस. आणि दुसऱ्याचे हब लॉक करायचं ज्याला सुचतं, तो स्वतःचे विसरत नाही."

मिठागरावरून वारा आला. मी विचारलं, "मग शाबास कशाला म्हणालात?"

आप्पा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "अरे, दोन्ही फिरवलेस ना! एक फिरवून सोडलं असतंस तर गायकवाड रुतले असते, आणि म्हाताऱ्याचं मीठ गेलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा एक काम पुरं केलंस, तेही लबाडीचं. म्हटलं, आज नाही म्हणायचं तर कधी म्हणायचं?"

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मस्कतचा एक हब माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. डायल अजून फिरते. लाल ओघळाचा एक कण खाचेत राहिलाय.

गायकवाडांचा दर होळीला फोन येतो. काल आला. नातवाने मोटार घेतली म्हणे, तिच्यात हे सगळं एका बटणावर होतं, उतरायलाच लागत नाही. "पण दादा, त्याला मी तुमची गोष्ट सांगितली. म्हणलं, माणूस असावा तर असा."

मी हब हातात घेतला. म्हटलं, आज सांगून टाकू. काय करणार आहेत, औरंगाबादहून येऊन मारणार आहेत?

"गायकवाड, एक सांगायचंय. त्या दिवशी तुमचे हब मी फिरवले..."

"माहीत आहे ना दादा! अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे!" ते तिकडे मोकळं हसले.

पुढचं वाक्य जिभेवर होतं. खारट. तेवढ्यात सुनंदाने चहा झाल्याची हाक मारली, गायकवाड "वहिनींना नमस्कार सांगा" म्हणाले, आणि मी सांगतो म्हणालो. फोन ठेवला. डायल अंगठ्याने फिरवली. टक्. दुसऱ्या बाजूचा हब माळ्यावर आहे.

आप्पा असते तर त्यांनी मान वर न करता एकच शब्द उच्चारला असता.